ओउलूतला हिवाळा

फिनलंडमध्ये थंडी पडली म्हणून शाळेला सुट्टी मिळत नाही. पारा उणे पंचवीसवर गेला, रात्रभर बर्फ पडला, दहा वाजत आले तरी सूर्याचा पत्ता नाही, अशा दिवशीही वर्ग वेळेवर भरतात आणि शाळेबाहेर सायकल लावायला जागा शोधावी लागते. हे मी फोनवर सांगितलं, तेव्हा आजीचा काही केल्या विश्वास बसेना.

मी निफाडची. महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातम्यांत आमच्या गावाचं नाव दर हिवाळ्यात येतं. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून बागाबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात. थंडी म्हणजे पिकावरचं संकट, रात्रीची जागरणं आणि बाबांच्या कपाळावरची आठी, हेच लहानपणापासून पाहिलेलं. दहावीनंतर रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमातून वर्षभरासाठी ओउलूला गेले आणि थंडीकडे बघण्याची एक निराळी रीत समोर आली.

ओउलू हे बोथनियाच्या आखाताकाठचं शहर, आर्क्टिक वृत्ताच्या खाली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. ऑगस्टमध्ये पोचले तेव्हा रात्री नऊलाही लख्ख उजेड होता. त्यानंतर दिवस असा काही आटत गेला की आठवड्या-आठवड्याला फरक कळायचा. डिसेंबरच्या मध्याला सूर्य साडेदहाच्या सुमाराला उगवतो आणि दोन वाजता मावळतो. उगवतो म्हणजे काय, तर झाडांच्या शेंड्यांना टेकून सरकत जातो. मी पहिल्या तासाला अंधारात शाळेत शिरायची आणि शेवटचा तास संपवून अंधारातच बाहेर पडायची. नोव्हेंबर सगळ्यांत जड गेला. तेव्हा बर्फ अजून टिकत नव्हता, रस्ते काळे आणि ओले, आणि घरची आठवण दुपारी तीनलाच यायला लागायची. पुढे बर्फ बसला आणि सगळं पांढरं झालं, तसा रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटला. तिथले लोक बर्फाची वाट का बघतात, ते त्या दिवशी समजलं.

मी ज्या घरी राहत होते तिथल्या आईने, माझ्या होस्ट मॉमने, ऑक्टोबरमध्येच मला कपड्यांचं शास्त्र शिकवलं होतं. अंगालगत लोकरीचा पातळ थर. सुती कापड घामाने भिजतं आणि गार पडतं, म्हणून ते आत नको. त्यावर जाड थर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. बोटं वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र ठेवणारा मोजा जास्त ऊब धरतो. बूट एक माप मोठे, म्हणजे आत हवेला जागा राहते. आणि जॅकेटच्या खिशाला दोरीने लटकणारा चकाकता बिल्ला. गाडीचा दिवा पडला की तो चमकतो आणि चालणारा माणूस लांबून दिसतो. अंधारात चालणाऱ्याने तो वापरावा असं तिथला कायदाच सांगतो. चार वर्षांच्या पोरापासून काठी टेकत जाणाऱ्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या कोटाला तो लटकत असायचा.

पण खरी गोष्ट कपड्यांची नाही, रस्त्याची आहे. ओउलूत सायकलींसाठी शेकडो किलोमीटरचे वेगळे मार्ग आहेत आणि ते हिवाळ्यातही चालू राहतात. लोक घराबाहेर पडायच्या आत नांगरगाडी मुख्य सायकलमार्गांवरून बर्फ सारून जाते. खाली उरतो तो दाबलेला कोरडा बर्फ, त्यावर चाकाची पकड उत्तम बसते. जिथे घसरडं होतं तिथे बारीक खडी पसरतात आणि वसंतात ती झाडून घेतात. मार्गावर दिवे, मोठ्या रस्त्यांखालून बोगदे. हिवाळ्यातल्या सायकलिंगवरची जागतिक परिषद पहिल्यांदा २०१३ साली याच शहरात भरली होती. मी खिळ्यांचे टायर लावलेल्या सायकलवरून शाळेत जायची. श्वासाने मफलर आधी ओला व्हायचा, मग ताठ. पापण्यांवर पांढरे कण जमायचे. उणे वीसच्या खाली नाकातले केसही गोठल्याचं जाणवायचं. माझ्या पुढे-मागे प्राथमिक शाळेची मुलं दप्तरं पाठीला लावून निवांत पेडल मारत असायची. त्यांना सोडायला कोणी आलेलं नसायचं. सातआठ वर्षांच्या मुलाने अंधारात, बर्फातून, एकट्याने शाळेत जावं हे धाडस वाटतं, पण त्या मुलाच्या आधी पहाटे कुणीतरी तो रस्ता साफ करून गेलेलं असतं. मुलांचं धीट असणं आणि त्या गाडीचं वेळेवर येणं या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

शाळा म्हणजे ‘लुकिओ’, आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची. शिक्षकांना नावाने हाक मारायची. मला ते जमायला फार दिवस लागले. तोंडात ‘सर’ यायचं आणि मी हात वर करून नुसती बघत राहायची. दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट. फिनलंडच्या प्राथमिक शाळांत ही रीत १९४८ सालापासूनची. गरिबांसाठी वेगळी रांग नाही, डबा आणणारे वेगळे नाहीत. प्राचार्यही तोच ट्रे घेऊन त्याच रांगेत. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि नंतर ओव्हनमध्ये भाजलेला जाड पॅनकेक, त्यावर जॅम. सुपात एरवी डुकराचं मांस घालतात, पण शाकाहारी मुलांसाठी वेगळं पातेलं असायचं. हिरवट, घट्ट, मिठाशिवाय फारसं काही नसलेलं ते सूप मला आवडायला लागलं. घरून आणलेलं काळं तिखट मी चिमूटभर त्यात टाकायची, आणि शेजारचा मुलगा दर गुरुवारी वाटी पुढे करायचा.

सहा डिसेंबर हा फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. १९१७ साली रशियापासून देश सुटला. त्या संध्याकाळी घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. ना फटाके, ना लाउडस्पीकर. आम्ही जेवणानंतर गल्लीतून चालत गेलो, तर प्रत्येक खिडकीत दोन ज्योती आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरी येऊन सगळे टीव्हीसमोर बसले, कारण राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीला आलेल्या पाहुण्यांचं हस्तांदोलन तास न् तास दाखवतात आणि प्रत्येकीच्या पोशाखावर घरोघरी चर्चा होते. माझ्या होस्ट आजींना त्यातलं सगळं ठाऊक होतं.

नाताळ मात्र मी विसरणार नाही. चोवीस डिसेंबरला दुपारी बारा वाजता तुर्कू शहरातल्या एका वाड्याच्या सज्जातून नाताळच्या शांतीची घोषणा वाचतात. ही प्रथा मध्ययुगापासूनची. टीव्हीवर ती ऐकून झाली की तांदळाची खीर खायची. तीत एक बदाम लपवलेला असतो. मग सगळं कुटुंब दफनभूमीत गेलं. आजोबांच्या थडग्यावरचा बर्फ होस्ट डॅडनी हाताने बाजूला केला, मेणबत्तीचा डबा ठेवला, काडी ओढली. वाऱ्याने दोनदा विझली, तेव्हा होस्ट भावाने दोन्ही तळहात आडवे धरले. मान वर करून पाहिलं तर झाडांमधून दूरवर हजारो ज्योती. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरींच्या सरळ रांगा, आणि प्रत्येकीवर दिवा. ज्यांना दुसरीकडे पुरलं आहे त्यांच्यासाठी वेगळ्या जागी दिवे ठेवतात. होस्ट मॉमने माझ्या हातात एक मेणबत्ती दिली आणि तिकडे बोट दाखवलं. माझे आजोबा मी सहावीत असताना गेले. ती मेणबत्ती मी त्यांच्या नावाने लावली. घरी आल्यावर सौना, म्हणजे वाफेचं स्नान, मग जेवण. त्या रात्री सांताक्लॉज दारावर थाप मारून खराखुरा घरात येतो. आमच्याकडे शेजारचे काका आले होते आणि धाकट्या होस्ट बहिणीला ते अजिबात कळलं नाही.

जानेवारीच्या आरंभी रोटरीने परदेशातून आलेल्या आम्हा सगळ्या मुलांना उत्तरेला लॅपलँडला नेलं. ब्राझील, मेक्सिको, तैवान, फ्रान्स, अमेरिका, आणि भर उन्हाळ्यातून नुकतीच उतरलेली ऑस्ट्रेलियाची मुलगी. प्रत्येकाच्या रोटरी ब्लेझरवर एकमेकांनी दिलेल्या पिनांची एवढी गर्दी की चालताना खुळखुळ आवाज. ओउलूहून रेल्वेने अडीच-एक तासांत रोवानिएमी येतं. शहर नवं दिसतं आणि त्याला कारण आहे. १९४४ च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी ते जाळलं. दहातली नऊ घरं गेली. पुढे आल्वार आल्टो या वास्तुविशारदाने नवा आराखडा केला, तो रेनडिअरच्या डोक्याच्या आणि शिंगांच्या आकारावर. नकाशावर रस्त्यांवरून बोट फिरवलं की शिंगं दिसतात. आर्क्टिक वृत्तावरचं सांताचं गाव सगळे बघतात, आम्हीही पाहिलं. दुकानं पुष्कळ आहेत. मी मात्र लोकांना सांगते की रोवानिएमीला गेलात तर आधी आर्क्टिकुम संग्रहालय बघा, जळलेल्या शहराची हकिगत तिथे समजते.

तिथून बसने आणखी उत्तरेला, इनारीला. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही. पण पूर्ण अंधार असतो असंही नाही. अकरा ते एक दक्षिणेची कड केशरी होते, उत्तरेचं आभाळ जांभळं, आणि बर्फ निळा. त्या निळ्याला माझ्याकडे शब्द नाही. हा भाग सामी लोकांचा. सीदा नावाच्या संग्रहालयात आम्ही पूर्ण सकाळ घालवली. फिनलंडमध्ये सामींच्या तीन भाषा बोलल्या जातात. त्यांतली इनारी सामी तर फक्त इनारी तळ्याकाठची, बोलणारी माणसं काही शेकडाच. मुलं ती बोलेनाशी झाली होती. १९९७ साली तिथे ‘भाषेचं घरटं’ सुरू झालं: बालवाडी, जिथे मोठी माणसं मुलांशी फक्त तीच भाषा बोलतात. कल्पना न्यूझीलंडच्या माओरींची. त्या घरट्यात वाढलेली मुलं आज तरुण आहेत आणि ही भाषा पुन्हा घरांत बोलली जाते. मला हे रात्रीच्या आभाळात दिसणाऱ्या उत्तरेच्या प्रकाशापेक्षाही मोठं वाटलं. रेनडिअर पाळणाऱ्या एका बाईंनी जनावरांच्या कानांवरच्या खुणा दाखवल्या. प्रत्येक मालकाची कापखूण वेगळी, नोंदवलेली. कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत? त्या हसल्या आणि विषय बदलला. बँकेत किती पैसे आहेत असं कोणी विचारतं का, असं आमच्या रोटरी काउन्सेलरने नंतर समजावलं.

उत्तरेचा प्रकाश दिसला तो शेवटच्या रात्री, गोठलेल्या तळ्यावर. आधी फिकट पट्टा, ढग म्हणून सोडून द्यावा असा. मग तो हिरवा झाला, खालच्या कडेने हलायला लागला. सूर्याकडून येणारे कण शंभर किलोमीटरहून उंचावर ऑक्सिजनवर आदळतात म्हणून तो हिरवा, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ब्राझीलचा मुलगा रडला. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. निफाडला तेव्हा पहाट व्हायची होती, तिला पडद्यावर काहीच नीट दिसलं नाही, तरी ती बघत राहिली.

फेब्रुवारीत उजेड झपाट्याने परत येतो आणि शाळेत वर्षातले दोन मोठे दिवस येतात. शेवटच्या वर्षाची मुलं मार्चमधल्या परीक्षेच्या अभ्यासाला सुट्टीवर जातात, ती जाताना रंगवलेल्या चादरी लावलेल्या ट्रकमधून गावभर गोळ्या-चॉकलेटं उधळत फिरतात. दुसऱ्याच दिवशी मधल्या वर्षाची मुलं शाळेत सर्वांत मोठी झाली म्हणून नाचाचा समारंभ. मुली लांब झग्यात, मुलगे शेपटीच्या कोटात, आणि जुने युरोपीय नाच, ज्यांची तालीम व्यायामाच्या तासाला महिनोन् महिने चालते. मी नऊवारी नेसले. आईने पैठणीच्या काठाची शिवून पाठवली होती. काष्टा असल्याने वॉल्ट्झच्या गिरक्यांत पायांत काही अडकत नव्हतं, आणि झग्याची शेपटी सांभाळणाऱ्या मैत्रिणींनी ते बरोबर हेरलं. वर्षभरात मी ज्या दोन घरांत राहिले ती दोन्ही होस्ट कुटुंबं गॅलरीत शेजारी शेजारी बसली होती.

मार्चच्या आरंभी उत्तर भागाला स्कीइंगची सुट्टी असते. नाल्लिकारीच्या किनाऱ्यावरून आम्ही थेट समुद्रावर स्कीने गेलो. तिथलं पाणी फारसं खारट नाही, म्हणून ते दर हिवाळ्यात गोठतं. डोळे दिपवणारं ऊन, बर्फात भोक पाडून गळ टाकून बसलेले म्हातारे, थर्मासमधली कॉफी, शेकोटीवर भाजलेलं सॉसेज. लोक चेहरा उन्हाकडे करून नुसते उभे असतात. मीही राहिले.

परत आल्यावर पुष्कळांनी विचारलं, वर्ष वाया गेलं का? गेलं नाही. अकरावी एक वर्ष उशिरा केली, एवढंच. पण मला वेगळीच विनंती करायची आहे. या कार्यक्रमात पंधरा ते एकोणीस वयाची मुलं जातात; राहणं, जेवण आणि शाळा यजमान बघतात, विमानाचं तिकीट, विमा आणि व्हिसा आपण. म्हणजे आपलं एक मूल तिकडे जातं, ते तिकडच्या कुणीतरी घरातली खोली मोकळी केली म्हणून. आपल्याकडे जायला मुलं तयार असतात, ठेवून घ्यायला घरं कमी पडतात. ‘आमच्याकडे वेगळं काय आहे दाखवायला’, ‘तिला आमचं जेवण चालेल का’ अशी कारणं मी स्वतः ऐकली आहेत. ओउलूतल्या त्या कुटुंबांनीही काही वेगळं दाखवलं नाही. त्यांनी त्यांचा रोजचा हिवाळा मला दिला. ती मुलं आपल्याकडे येतात ती ऐन पावसाळ्यात. त्यांना रेनकोट द्या, डब्यात पोळी-भाजी द्या, गणपतीत आरतीला उभं करा. आपल्या गावच्या रोटरी क्लबमध्ये चौकशी करा आणि यजमान कुटुंब म्हणून नाव नोंदवा.