समुद्रावर होतास तू

आवाज होता तुझ्याकडे. मत नव्हतं.

वॉशिंग्टनला, अमेरिकी काँग्रेसच्या सभागृहात, 1909 ते 1916, फिलिपिन्सचा प्रतिनिधी म्हणून उभा राहायचास. बोलायची मुभा होती. हात वर करण्याची वेळ आली की तुझा हात मोजला जात नसे. त्या मोजणीतली शांतता कशी ऐकलीस, मानुएल केसोन?

बालेरच्या किनाऱ्यावर, जिथं सूर्य थेट पॅसिफिकमधून वर येतो, तिथं जन्मलेला मुलगा, आगिनाल्दोच्या फौजेत अमेरिकेविरुद्ध लढून 1901 मध्ये शस्त्र खाली ठेवणारा तरुण, तायाबासचा गव्हर्नर, मग परक्यांच्या राजधानीत परक्यांच्या भाषेत आपल्या बेटांची बाजू मांडणारा, मग 19 वर्षं सिनेटचा अध्यक्ष, कधी गर्जून, कधी गोड बोलून, पुन्हा पुन्हा तोच महासागर ओलांडून स्वातंत्र्याची तीच एक मागणी दारी नेणारा, आणि 1935 च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष, पण अशा राष्ट्राचा, ज्याला स्वतःचं व्हायला अजून 10 वर्षं थांबायचं होतं.

थांबणं. तुझी सारी कारकीर्दच त्या थांबण्यात गेली.

मग जपानचं आक्रमण. मग बोगदा.

कोरेगिदोर बेटावरचा मालिंता. 30 डिसेंबर 1941. त्याच्या तोंडाशी तू दुसऱ्यांदा शपथ घेतलीस. आत ओल, धूळ, बॉम्बचे हादरे, क्षयानं पोखरलेली तुझी छाती. उजेड तोंडापुरता. फेब्रुवारीत पाणबुडी तुला घेऊन गेली. कोरेगिदोर मागे पडलं ते असं, पाण्याखालून, न दिसता.

1 ऑगस्ट 1944. अमेरिकेतलं सॅरनॅक लेक. डोंगरातली निर्मळ हवा, आणि ती घ्यायला फुप्फुसं नाहीत.

तो आवाज तिथं संपला.

ऑक्टोबरात लेतेच्या किनाऱ्यावर अमेरिकी सैन्य उतरलं. लाटांतून चालत तुझ्या जागी राष्ट्राध्यक्ष झालेला ओस्मेन्या आला. तू नव्हतास.

आणि 4 जुलै 1946, स्वातंत्र्याचा दिवस. मनिलाच्या लुनेतावर एक झेंडा खाली उतरला, दुसरा एकटाच वर राहिला. तू समुद्रावर होतास. शवपेटीत. आर्लिंग्टनच्या मातीतून काढलेला, 3 जुलैला सॅन दिएगोहून निघालेल्या 'प्रिन्स्टन' जहाजावर. ना त्यांच्या भूमीत, ना आपल्या. खाली नुसतं पाणी, वर नुसतं ऊन.

म्हणतात, काम उरलं की माणूस उरतो. कधी कधी मीही मान डोलावतो. तुझ्या नावाचं शहर आहे, तीन उंच स्तंभांखाली तुझी समाधी आहे. पण त्या मैदानावरची गर्दी आठवावी आणि हे शहाणपण हातातून निसटावं. देश उभा राहिला, हे खरं. तू तिथं असायला हवा होतास, हेही तितकंच खरं. एकानं दुसऱ्याची भरपाई होत नाही, केसोन. मी ती करूनही घेणार नाही.