घरचं जिनिंग

खामगावला आमच्या घरी कधी आलात तर काळी पँट घालून येऊ नका. आमच्याकडे मोती आहे. पांढराशुभ्र, झुपकेदार शेपटी पाठीवर वळलेली. गल्लीत सगळे त्याला पॉमेरियन म्हणतात. खरं म्हणजे तो इंडियन स्पिट्झ. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी आठवतो ना? त्याच जातीचा. टफीने चिठ्ठी पोचवली, आमचा मोती केस पोचवतो!

केस तरी किती? वरणात केस, उशीवर केस, माझ्या ड्रॉइंग शीटवर केस. खामगाव कापसाचं गाव, म्हणून बाबा म्हणतात, "आपल्या घरी बिनपरवान्याचं जिनिंग चालू हाय." एकदा व्हायव्हाला सरांनी माझ्या जर्नलमधून एक लांब पांढरा केस काढला, उजेडात धरला आणि काहीच न बोलता पुढचा प्रश्न विचारला.

या जातीला केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि खाली मऊ, दाट लव. दिवस लहान-मोठा होऊ लागला की ही लव सुटते. होळीच्या सुमारास तर हाताला पुंजकेच लागतात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मागच्या उन्हाळ्यात आजीचा दमा वाढला. रात्र-रात्र ती उशीला टेकून बसायची. घरात दोन मतं पडली. काका म्हणाले, कुत्रं शेतावर पाठवा. बाबा म्हणाले, "भादरून टाका त्याले, केसच नाही तर दमा कायचा?"

आजीच्या डॉक्टरांनी समजावलं, की त्रास केसांचा नसतो. कुत्र्याच्या लाळेतली आणि कातडीच्या कोंड्यातली प्रथिनं बाधतात, केस नुसते वाहक. म्हणजे भादरूनही कोंडा राहणारच. जनावरांच्या डॉक्टरांनी तर हातच जोडले. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. हे केस उन्हापासून कातडी वाचवतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकून तो गार होतो.

शेवटी ठरलं ते असं. आजीच्या खोलीत मोतीला बंदी. ब्रश रोज, पण अंगणात. झाडूने कोंडा उडतो म्हणून ओल्या फडक्याने पुसायचं. (हे पुसणं अर्थातच आईच्या वाट्याला आलं. कुत्रं आणा म्हणणाऱ्यांत ती कधीच नव्हती, हेही लिहून ठेवतो.)

आजीचा त्रास कमी आहे, पण पंप सुटलेला नाही. दिवाळीनंतर डॉक्टर पुन्हा तपासणार, तोवर मोतीची शेतावरची बदली स्थगित!

मी आता शेगावला होस्टेलवर. माझ्या स्वेटरमधून अजून केस निघतात आणि रूम पार्टनर शिव्या घालतो. शनिवारी घरी गेलो की ब्रश माझ्याकडे येतो. मोती अंगणात डोळे मिटून पसरतो, आणि आजी बंद खिडकीच्या काचेआडून ओरडते, "अरे, पोटाखालचं राह्यलं ना! तिकून घे!"