चाळीस रुपयांची गिटार

गिटार सांगलीहून ट्रॅव्हल्सच्या बसने आली. फेब्रुवारी २०२३. पहाटे साडेपाचला मी स्वारगेटला उभी होते आणि क्लीनर डिकीतून सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं, सुतळीने करकचून बांधलेलं एक लांबडं गाठोडं ओढून काढत होता. ‘मॅडम, आत माणूस आहे काय?’ तो म्हणाला. पार्सलचे पैसे तिकडूनच भरलेले होते. मला त्याचंच बरं वाटलं, कारण त्या दिवसांत मी रिक्षाचे पन्नास रुपयेसुद्धा डायरीत लिहून ठेवत होते.

नोकरी जाऊन पाच आठवडे झाले होते. ‘मला काढलं’ हे वाक्य तोंडातून नीट निघत नाही. आम्ही सगळे ‘लेऑफ झाला’ म्हणतो, पाऊस झाला म्हणावं तसं. बारा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, दोन महिन्यांचा पगार, आणि लॅपटॉप परत न्यायला आलेला कुरिअरवाला, ज्याने माझ्याकडे पेनही मागितलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हे माझं काम, त्यामुळे स्वतःत काय चुकलं याची यादी करायला मला वेळ लागला नाही. घरी सांगितलं नव्हतं. बाबा सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितात, माझ्या एज्युकेशन लोनची तीन वर्षं अजून बाकी होती. रोज रात्री नऊला त्यांचा फोन यायचा. ‘जेवलीस का?’ एवढंच विचारायचे. मी ‘हो’ म्हणायचे आणि आम्ही दोघं फोन ठेवायचो.

गिटार पाठवली होती मामीआजीने, म्हणजे आईच्या मामीने. ती मिरजेत एकटी राहते. नाना, म्हणजे आईचे मामा, २०१९ मध्ये गेले. गाठोडं यायच्या दहा दिवस आधी, एका मंगळवारी सकाळी अकराला, तिचा फोन आला होता. मी बोलत असताना मागे कुकरची शिट्टी झाली.

‘ऑफिसात कुकर लावतात होय गं?’

‘वर्क फ्रॉम होम, आजी.’

‘बरं चाललंय ना सगळं?’

मी ‘एकदम’ म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले असणार. मग ती गुडघ्यांबद्दल बोलली, नळाला पाणी एक दिवसाआड येतं त्याबद्दल बोलली, आणि आठवड्याने पुन्हा फोन करून म्हणाली, ‘नानांची गिटार पाठवतीय. मला आता घर आवरायचंय. तुझ्याकडं राहू दे. हवं तसं कर तिचं.’

चादर सोडली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. मधासारखा रंग काळपटत गेलेला, एका बाजूला लांब ओरखडा. भोकातून आत डोकावलं तर कागदाची एक चिकटवलेली चिठ्ठी दिसत होती. नाव पुसलेलं, खाली फक्त ‘कलकत्ता’ वाचता येत होतं. सोबत एक कापडी थैली, तिच्यात बोटाएवढा गुळगुळीत लोखंडी तुकडा आणि पत्र्याच्या दोनतीन वाकड्या अंगठ्या. तो तुकडा मी टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला. वजनाला छान होता.

लहानपणी नानांच्या घरी मी ही गिटार एकदा छेडली होती. आठ वर्षांची असेन. नाना काही बोलले नव्हते, फक्त ती उचलून कपाटावर ठेवली होती. एवढ्या एका आठवणीवर मी पुढच्या काही दिवसांत एक मोठी गोष्ट रचली. नानांना माहीत होतं, ही पोरगी वेगळी आहे. त्यांनी ती माझ्यासाठीच ठेवली असणार. आजीला कुठून तरी कळलं असणार की मला आत्ताच तिची गरज आहे. बेकार माणसाकडे वेळ खूप असतो आणि अशा गोष्टींना वेळच लागतो.

मग मी शिकायला बसले. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. यूट्यूबवर एक मुलगा रोज नवीन कॉर्ड शिकवायचा आणि दर वेळी ‘हे अगदी सोपं आहे’ म्हणायचा. माझ्या गिटारवर काहीच सोपं नव्हतं. तारा इतक्या उंच की खालून माझी करंगळी सरकावी. त्या दाबून खालच्या पडद्याला टेकवायच्या म्हणजे बोटांची सालं निघत. ट्यूनरचं ॲप सांगायचं, सहाही तारा सुरात आहेत, आणि कॉर्ड धरला की सगळं बेसूर. आता कळतं की तार एवढी खाली ओढली की ती ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. तेव्हा मला एवढंच कळलं की मला येत नाही. सकाळी दहा ते साडेअकरा नोकरीचे अर्ज, मग अर्धा तास गिटार, मग बोटं पाण्यात बुडवून बसणं. अर्जांची उत्तरं येत नव्हती. दोन्हींचा निकाल माझ्या डोक्यात एकाच रकान्यात जात होता.

पुण्यातल्या एका दुकानात ती दाखवली. काउंटरवरच्याने दोन तारा दाबून पाहिल्या आणि म्हणाला, मान वाकलीय, दुरुस्तीला चार हजार, त्यापेक्षा नवीन घ्या. चार हजार म्हणजे माझं जवळजवळ अर्ध्या महिन्याचं भाडं. मी ती पुन्हा चादरीत गुंडाळली.

पाडव्याला, २२ मार्चला, घरी गेले. गिटार बरोबर घेतली, कारण ती आजीला परत द्यायचं ठरवलं होतं. पण मोडकी वस्तू परत कशी द्यायची? मोडली माझ्याच हातून असं तिला वाटेल. दुसऱ्या दिवशी सांगलीहून मिरजेला उतरले आणि आधी सतारमेकर गल्लीत शिरले.

मिरजेबद्दल एक सांगायला हवं. लहानपणापासून दहा किलोमीटरवर राहूनही मी त्या गल्लीत कधी गेले नव्हते. सांगलीकरांना मिरज म्हणजे जंक्शन आणि दवाखाने. पण देशभरातले गवई तंबोरे इथून नेतात. इथले शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तसे ते एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायला आले तेव्हा गाणं आणि कारागिरी एकाच गावात नांदू लागली. मी गेले त्या कारखान्यात, म्हणजे एका जुन्या घराच्या पडवीत, छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते. पंढरपूरकडून येतात म्हणाले. दिसायला दुधीचे दांडगे आजोबा. खाली लाकडाचा भुसा, आणि भिंतीला टेकून एक म्हातारे चाचा तंबोऱ्याची जवारी काढत होते. म्हणजे घोडीचा वरचा भाग कानसेने जरासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. केसभर जास्त गेलं की संपलं. मी पाच मिनिटं उभी होते. त्यांनी तेवढ्या वेळात तीनदाच कानस चालवली.

‘चाचा, गिटार बघता का? मोडलीय.’

त्यांनी ती हातात घेतली. वाजवली नाही. एक डोळा मिटून दांडीवरून नजर नेली, बंदुकीची नेम धरतात तशी. मग टोकाशी, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथे नखाने टकटक केलं.

‘कुठं मोडलीय? दांडी सरळ हाय. ही पट्टी बघा, वरनं बसवलीय, तारा उचलून धराय. कोण वाजवायचं?’

‘आजोबा.’

‘मांडीवर आडवी घेऊन?’

मला माहीत नव्हतं.

‘आन् लोखंड कुठाय? लोखंड असणार की.’

मी थैली दिली. त्यांनी तो माझा पेपरवेट बाहेर काढला, धोतराला पुसला, गिटार मांडीवर आडवी घेतली. खुंट्या पिळून सहाही तारा कानाने वेगळ्याच लावल्या, नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी एकमेकींत मिसळतील अशा. मग तो तुकडा तारांवर अलगद टेकवला, दाबला नाही, आणि अंगठ्याने तार छेडून तो हळू सरकवत नेला.

आवाज कसा होता ते मला नीट सांगता येत नाही. दोन सुरांच्या मध्ये पायऱ्या नव्हत्या, एवढं म्हणते. माझ्या पोटात काहीतरी खाली गेलं.

‘आपलं वाद्य नव्हं हे,’ चाचा म्हणाले, ‘पण मींड हाय ह्याच्यात.’

ती हवाईयन गिटार होती. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही तऱ्हा रूढ केली असं मानतात: तार दाबायचीच नाही, वरून लोखंड फिरवायचं. आपल्याकडे ती आली आणि बंगालात तर घराघरांत शिरली. व्हॅन शिपली तिच्यावर हिंदी सिनेमाची गाणी वाजवायचे. ब्रिजभूषण काबरा तिच्यावर राग वाजवत. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांचीच गिटार आहे. ती रेकॉर्ड मी ऑफिसात हेडफोन लावून कितीतरी वेळा ऐकली होती. त्यातली गिटार आडवी आहे हे मला कधी कळलं नाही. आमच्या धंद्यात एक शिळा विनोद आहे: हा बग नाही, फीचर आहे. महिनाभर मी एका फीचरवर बोटं सोलून घेतली होती.

चाचांनी एक सैल खुंटी घट्ट करून दिली. पैसे विचारले तर म्हणाले, ‘काय केलंच न्हाई तर कशाचं?’ वर चहा मागवला. ‘घ्या, उद्यापास्नं रोजे हायत.’

तिथून मामीआजीचं घर दोन गल्ल्या. ती जोंधळे निवडत बसली होती. मी सगळं एका दमात सांगितलं: मांडीवर, लोखंड, हवाई. ती म्हणाली, ‘मांडीवरच वाजवायचे की. तू उभी धरलीस होय?’ आणि हसली. मग मी माझी ती मोठी गोष्टही सांगितली. नानांनी माझ्यासाठीच ठेवली होती वगैरे.

‘कुणी सांगितलं तुला?’ आजी म्हणाली. ‘मी ती विकायला पाठवली तुला.’

नाना मुंबईत लालबागला एका गिरणीत टाइमकीपर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दोनअडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, हजारो गावी परतले, नानाही मिरजेला आले. पदरी दोन मुली. तीन महिन्यांनी त्यांनी गिटार बाजारात नेली. ‘चाळीस रुपये म्हणाला. चाळीस! तशीच उचलून परत आणली. पुढं वर्षभर त्या दुकानावरनं जायचे नाहीत, लांबनं वळसा घालून दळण आणायचे. आणि वाजवली पण नाही दोन वर्षं. कपाटावर.’ ती जोंधळ्यातला खडा काढून बाजूला ठेवत म्हणाली, ‘आता जुन्या वस्तूंना भाव येतो म्हणे. तुझा तो कुकर वाजला तेव्हाच कळलं मला. पैसे पाठवले असते तर घेतले असतेस?’

नसते घेतले. मला हसूही येत होतं आणि रडूही. आजीने दोन्हींकडे लक्ष दिलं नाही.

‘बाबाला तू सांगतेस का मी सांगू?’

मी सांगितलं, त्याच रात्री. बाबांनी कॅलेंडरचं मागचं पान उलटं केलं, पेन घेतलं आणि विचारलं, ‘हप्ता किती?’ आकडा लिहिला. त्याखाली भाडं लिहिलं. बेरीज केली, तिच्याकडे बघत बसले. मग नऊ वाजले. आम्ही दोघं तासाभरापूर्वी शेजारी बसून जेवून उठलो होतो, तरी ते म्हणाले, ‘जेवलीस का नीट?’ मी ‘हो’ म्हणाले. या वेळी फोन ठेवायचा नव्हता, त्यामुळे आम्ही तसेच बसून राहिलो.

नोकरी जुलैत लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. पण त्याआधी, एप्रिलात, मी गिटार खरंच विकायला काढली होती. कारण भाडं हे भाडं असतं, आणि आजीचा हेतूही तोच होता. ऑनलाइन फोटो टाकले. बारा जणांनी ‘लास्ट किती?’ विचारलं, त्यातला एक मुलगा हडपसरहून बघायला आला. कॉलेजातला असावा, पाठीला सॅक. त्याने ती उभी धरली, जी कॉर्ड दाबायचा प्रयत्न केला, बोट झटकलं.

‘दीदी, ही मोडलीय,’ तो म्हणाला. ‘पाचशे देतो. भिंतीवर लावायला होईल.’

‘हो का,’ मी म्हणाले. लोखंडाचा तुकडा टेबलावर त्याच्या समोर होता. मी काही बोलले नाही.

रात्री आजीला फोन केला. पाचशे म्हणत होता, सांगितलं.

‘बरीच वाढली की,’ ती म्हणाली. ‘दिलीस?’

‘नाही.’

‘मग वाजवून झालं की तारा पुसत जा. पुण्याच्या पावसात गंजतात.’