रिकामे म्हणजे किती?

मालवणहून आंबोलीकडे निघालेल्या मोटारीचा काटा ‘रिकामी’ या खुणेवर टेकला, तरी टाकीत थोडे पेट्रोल उरलेले असते. समजा, ते ५ लिटर आहे आणि गाडी लिटरमागे १५ किलोमीटर धावते. तर हिशेब ७५ किलोमीटरांचा होतो. घाटात हा हिशेब टिकत नाही. चढावर इंधन अधिक जळते. टाकीतले पेट्रोल एका बाजूला सरकून काटाही फसवतो.

बांगडी फुटली की आपण ‘वाढली’ म्हणतो. तो शब्द अशुभ झाकतो. काट्याचा ‘रिकामी’ वेळेआधीच सावध करतो. दोहोंचा अर्थ कोशात नव्हे, हेतूत शोधावा लागतो. म्हणून उरलेले अंतर न अजमावता मी सावंतवाडीतच टाकी भरून घाटाला लागतो.