जोड

माझे आजोबा कोल्हापूरचे. खासबागेतली कुस्ती बघून रात्री उशिरा कुणी गल्लीत शिरलं की ते त्याला 'कोण जिंकलं' असं कधीच विचारायचे नाहीत. उंबऱ्यावर बसलेले असायचे, तळहातावर तंबाखू, आणि प्रश्न ठरलेला, "जोड कोण हुती?" समोरच्यानं नाव सांगितलं की एक हुंकार. तो हुंकार किती लांबतो यावरून जिंकणाऱ्या पैलवानाची किंमत आम्हा पोरांना कळायची.

मी मात्र वेगळ्याच मातीच्या नादी लागलो. मोटोक्रॉसच्या. अमेरिकेतल्या जुन्या शर्यतींची चित्रणं रात्र-रात्र बघताना तोंडी प्रश्न मात्र घरचाच येतो.

हा खेळ मैदानापेक्षा शेताच्या जवळचा आहे. टेकडीच्या चढ-उतारांवर आखलेली वाट, चाळीस गाड्या एका ओळीत, प्रत्येकीपुढे लोखंडी गेट. ते पडलं की चाळीसही जण एकाच वळणावर तुटून पडतात. दिवसात अशा दोन शर्यती होतात, त्यांना मोटो म्हणतात. तीस मिनिटं आणि वर दोन फेऱ्या. सकाळी पाणी मारून मऊ केलेली माती दुपारी बैलगाडीच्या वाटेसारखी चाकोऱ्यांनी फाटून जाते. दुसऱ्या मोटोत सकाळचा मार्ग उरलेलाच नसतो. दगड उडतात, साखळी तुटते, पुढचा पडला तर मागच्याला वळायला जागा नसते. अशा ठिकाणी कुणी अख्ख्या उन्हाळ्यात एकही मोटो हरला नाही, हे वाचून माझा आधी विश्वास बसला नव्हता.

पण ते घडलंय, आणि एकदा नाही. रिकी कारमायकेलनं 2002 मध्ये चोवीसपैकी चोवीस मोटो जिंकल्या. 2004 मध्ये पुन्हा चोवीस. पहिल्या वेळी टू-स्ट्रोक होंडावर, दुसऱ्या वेळी फोर-स्ट्रोकवर. मधल्या काळात गाडीचं इंजिन बदललं, आवाज बदलला, वळणात शिरायची रीत बदलली, निकाल तोच राहिला. 2008 मध्ये जेम्स स्टुअर्टनं कावासाकीवर तेच केलं. 2023 मध्ये जेट लॉरेन्स हा ऑस्ट्रेलियन पोरगा मोठ्या इंजिनांच्या गटात पहिल्यांदाच पूर्ण मोसम उतरला आणि बावीसपैकी बावीस घेऊन गेला.

आता जोड.

2004 मध्ये कारमायकेलला भिडू शकला असता असा एक जण होता, तोच स्टुअर्ट. पण तो तेव्हा 125 सीसीच्या, लहान गाड्यांच्या गटात होता. त्याच दिवशी, त्याच मातीत, वेगळ्या शर्यतीत. 2008 मध्ये स्टुअर्टपुढे कारमायकेल नव्हता, तो आदल्या वर्षीच थांबला होता. 2023 च्या उन्हाळ्यात ईलाय टोमॅक घरी होता. मे महिन्यात डेन्व्हरला त्याच्या टाचेची शीर तुटली होती. यातल्या कुणाचं श्रेय मी कमी करत नाही. नसलेल्या माणसाला कोण हरवणार? पण 2004 च्या आकड्याला आजोबांचा हुंकार आखूड आला असता, असं मला मनापासून वाटतं.

आणि 2005 ला लांब. त्या वर्षी स्टुअर्ट मोठ्या गटात आला. चॅड रीड होता, केव्हिन विंडहॅम होता. कारमायकेलनं बाराच्या बारा दिवस एकूण गुणांवर जिंकले, पण प्रत्येक मोटो नाही. आकड्याला किंचित टवका गेला. मला तो टवका गेलेला आकडाच जास्त खरा वाटतो.

सुपरक्रॉसमध्येही, म्हणजे स्टेडियममध्ये माती ओतून होणाऱ्या शर्यतींतही, हेच. जेरेमी मॅकग्रानं 1996 मध्ये ओळीनं तेरा शर्यती जिंकल्या. चौदाव्या रात्री, सेंट लुइसला, जेफ एमिगनं त्याला अडवलं. पंधरापैकी चौदा. पण त्याच उन्हाळ्यात बाहेरच्या मोकळ्या मातीत 250 चं अजिंक्यपद एमिगनं नेलं.

मग सगळ्यात दाट काळ कुठला? आजची पोरं पाच-सहा वर्षांची असताना गाडीवर बसतात, त्यांचं खाणं, झोप, नाडीचे ठोके सगळं मोजलेलं असतं. आजचा दहावा स्वार चाळीस वर्षांपूर्वीच्या विजेत्याला त्याच गाडीवर मागे टाकेल, हे मी मान्य करतो. तरी माझं मन पुन्हा पुन्हा 1980 च्या दशकातल्या कॅलिफोर्नियाकडे जातं. 1983 ते 1986 या चार वर्षांत सुपरक्रॉसचे चार विजेते : डेव्हिड बेली, जॉनी ओमारा, जेफ वॉर्ड, रिक जॉन्सन. कुणालाही हे पद सलग दोन वर्षं टिकवता आलं नाही.

1986 च्या जानेवारीत अ‍ॅनाहाइमला बेली आणि जॉन्सन भिडले. दोघेही होंडाचे. त्या वर्षापासून नियमही बदलला होता, दुकानात मिळते त्याच गाडीवरून शर्यतीची गाडी घडवायची. त्यामुळे ती रात्र निव्वळ माणसांची होती. जॉन्सन पुढे जायचा तो अंगावर धावून, खांदे उंच, गाडी आडवीतिडवी. बेली त्याच वळणात कागदावर रेघ ओढावी तसा आतून निघायचा. पुन्हा जॉन्सन. पुन्हा बेली. मी ते चित्रण किती वेळा पाहिलं असेल! बेली जिंकतो हे ठाऊक असतं, तरी दर वेळी श्वास अडकतो. त्याच वर्षी इटलीत मॅजोराला, देशादेशांच्या संघांच्या शर्यतीत, हे दोघे आणि ओमारा अमेरिकेच्या संघात होते. तिथे ओमारानं 125 च्या चिमुकल्या गाडीवर 500 चा जगज्जेता डेव्ह थॉर्प याला मागे टाकलं.

1987 च्या जानेवारीत सरावात बेली पडला. कमरेखालचं शरीर गेलं. 2000 मध्ये त्यानं हवाईची आयर्नमॅन शर्यत व्हीलचेअर गटात जिंकली, ती वेगळीच झुंज. पण 1987 आणि 1988 चे निकाल मी उघडतो तेव्हा मला एक गोष्ट छळते. निकालपत्र रिकामी ओळ ठेवत नाही. एक माणूस गेला की खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात, तिसरा दुसरा होतो, आणि कागद पुन्हा भरलेला दिसतो. पुढे 1989 मध्ये, ओळीनं पाच शर्यती जिंकल्यावर, जॉन्सनचं मनगट सरावात मोडलं. यादी पुन्हा सरकली.

2024 च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा मी गेलो होतो. क्रीडासंकुलात आणून ओतलेली माती, जळक्या तेलाचा वास, खुर्च्यांवर चढलेली पोरं. गाड्या गेटपाशी लागल्या. एका जागी कुणीच आलं नाही. दोन्ही बाजूंचे स्वार आपापल्या रेषेतच उभे राहिले, कुणी सरकलं नाही. गेट पडलं तेव्हा त्या मोकळ्या जागेपुढचंही पडलं, आणि धूळ उडाली तरी तिथली माती नुकती सारवलेल्या अंगणासारखी सपाट होती. गाड्या पहिल्या वळणात दिसेनाशा झाल्या. मी शेजारच्या माणसाला विचारलं, "इथं कोण होतं?"