डाग आणि दिलासा

आमच्या शनिशिंगणापुरात जुन्या घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. पण बाईच्या अंगावरून जाण्याची गोष्ट मात्र घरोघर कुलूपबंद.

आम्ही दोघी जावांनी नगरला जाऊन हार्मोनची तांबी बसवून घेतली. म्हणायला तांबी, तिच्यात तांबे नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे हार्मोन तिच्यातून रोज कणभर पाझरते. त्याने गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो, आतले अस्तर पातळ राहते. वर्षभरात हजारात एखाद-दुसरीलाच दिवस जातात. बसवणाऱ्यांनी ‘आता पाच वर्षे निर्धास्त’ एवढेच सांगितले.

रमजान आला आणि एकीला रोज डाग. नमाज पढावी की नाही? रोजा धरावा की नाही? विचारायचे कुणाला? वर्षाअखेर दुसरीची पाळीच थांबली. सासूबाई म्हणाल्या, “रक्त आत साठतंय, गाठ होईल. अल्लाहच्या देण्याला नको म्हटल्याचं फळ आहे हे.” आम्ही चुलीपुढे बसून रडलो.

शेवटी एका आलिमा बाईंनी समजावले. हनफी फिकहात हैज जास्तीत जास्त दहा दिवसांचा. त्यापुढे गेले, तर नेहमीच्या दिवसांखेरीजचे सगळे इस्तिहाजा. त्यात नमाज-रोजा सुटत नाही. दर नमाजेच्या वक्ताला नवा वुजू करायचा.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी उरलेले सांगितले. पहिले तीन ते सहा महिने अवेळी डाग पडतातच. वर्षभराने पाचांतल्या एकीची पाळी थांबते. अस्तरच वाढत नाही, मग साठणार काय? डोके, छाती दुखते, मुरमे येतात. बहुधा हळूहळू कमी होते. पण ताप, ओटीपोटात जोराची कळ, घाण वासाचा स्राव, दोरा हाताला न लागणे किंवा दिवस गेल्याचा संशय, यातले काहीही असले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्तनाचा कर्करोग, गर्भाशयाचा जंतुसंसर्ग किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असणारीने ती बसवूच नये. नको झाली तर डॉक्टरांकडूनच काढावी. पुढे मूल होण्याला अडचण येत नाही.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. शंभर वर्षे उलटली. साधन आमच्यापर्यंत पोहोचले, माहिती वाटेतच राहिली.

निकाहाच्या वेळी आमची मर्जी विचारली होती. तांबी बसवतानाही विचारली, आम्ही मान हलवली. पण काय होणार हे ठाऊकच नव्हते, तर ती मर्जी कसली?