जुनी गाडी आणि मिस्त्रीचा कान

नवी फियाट हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, असा तो काळ होता. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून गाडी कधी येईल याचा नेम नसे, म्हणून जुन्या गाडीलाही चांगला भाव मिळे. 1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तरी मुंबईतल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांची पहिली गाडी जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनीच होती. ती पाहायला जाताना सोबत मिस्त्री हवाच.

वडिलांबरोबर येणारे मिस्त्री आधी बॉनेटवर हात ठेवायचे. इंजिन गरम लागलं तर मालकाला सांगायचे, "शेठ, उद्या सकाळी येतो. थंड गाडी माझ्यासमोर चालू करा." सेल्फ किती वेळा मारावा लागतो, यावरून त्यांचा निम्मा अंदाज बांधून होई. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचं. टॅपेटची टकटक वेगळी, बेअरिंगची घरघर वेगळी. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका धूर आला, की म्हणायचे, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्या." सायलेन्सरमधून निळा धूर आला तर ऑइल जळतंय, काळा आला तर कार्बुरेटर पेट्रोल जास्त सोडतोय. पायाखालचं मॅटिंग उचलून पत्रा बघायचा, कारण मुंबईच्या खाऱ्या हवेत गाडी तिथून सडायची. दारांवरून चुंबक फिरवायचं. ते चिकटलं नाही तर रंगाखाली पुट्टी.

मीटरवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. केबल काढली की मीटर थांबे, आणि पाच आकडी मीटर 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येई. त्यापेक्षा ते क्लच पेडलचं रबर किती झिजलंय ते पाहत. शेवटी निघणारी कामं बोटांवर मोजून तेवढा खर्च किमतीतून वजा करायचा. उरला तो गाडीचा खरा भाव.

कागदांच्या बाबतीत मात्र ते दिवस त्रासाचेच होते. आरसी बुक बघायचं आणि बाकी मालकाच्या शब्दावर सोडायचं. गाडीवर कर्ज आहे का, हे तपासायला आरटीओत खेपा घालाव्या लागत. आज एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची आणि पीयूसीची मुदत दिसते. थकलेली ई-चलनं ऑनलाइन कळतात. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून पर्यावरण कर भरावा लागतो, तो खर्चही आधीच हिशेबात धरता येतो. सामान्य गिऱ्हाइकाला मिळालेलं हे मोठं संरक्षण आहे, आणि मला त्याचं मनापासून समाधान वाटतं.

पण हल्ली फोटो आणि तपासणीचा छापील अहवाल बघून लोक घरबसल्या गाडी ठरवतात, तेव्हा काळजी वाटते. स्कॅनर गाडीच्या संगणकातले फॉल्ट कोड वाचतो. ते आदल्या दिवशी पुसून टाकले असतील तर अहवाल स्वच्छच येणार. डिजिटल मीटरही लॅपटॉप जोडून मागे नेता येतं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पुरात भिजलेली गाडी कागदावर ओळखू येतेच असं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते, सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या दिसतात, कार्पेटला कुबट वास येतो. त्यासाठी माणूस गाडीत वाकावा लागतो.

त्या काळी कागद कच्चे होते आणि पारख पक्की होती. आज कागद पक्के झाले आहेत, तर पारख सोडायचं काहीच कारण नाही. जुनी गाडी घेणार असाल तर कागद मोबाइलवर तपासा, आणि सकाळी, थंड इंजिनावर, आपल्या विश्वासातल्या मिस्त्रीला सोबत न्या. त्याच्या तासाभराचे पैसे आनंदाने द्या. तो "नको" म्हणाला, तर गाडी कितीही मनात भरली असली तरी परत फिरा.